डावखुरी विकली, शेठाणी ठेवली

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या काकूवर. १९६३ साली, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाते गावच्या देवळात, घरच्या आणि गावच्या माणसांदेखत. कोणी आवाज चढवला नाही, कोणी हात उगारला नाही. घरातल्या दोन जुन्या गाड्यांपैकी कोणती विकायची तेवढं ठरलं, नारळ फुटला, खोबरं वाटलं आणि माणसं घरी गेली. काकूच्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा पडला.

पुण्यात सभांची पत्रकं लिहिताना मला शिकवलं गेलं की आधी माणूस सांगावा, मग वेळ, मग जागा. हळहळ शेवटी, कागद उरला तर. म्हणून हेही तसंच लिहिते आहे.

आता गाड्या. काळी मोटार आजोबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेली. गोल दिवे, दोन्ही अंगांना पायदान, आत लाल गाद्या. गावाने तिचं नाव शेठाणी ठेवलं होतं, कारण ती सावकाश चाले, खड्डा दिसला की थांबे आणि तिला नेहमी कोणीतरी मागून ढकलावं लागे. दुसरी जीप. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांतली. माझ्या धाकट्या काकांनी मुंबईला जाऊन लिलावात घेतली. तिचं चाक डाव्या अंगाला होतं, म्हणून ती डावखुरी. तिला दारं नव्हती, वरचं कापड फाटलेलं होतं, आणि तिला चावी नव्हती. हे नीट लक्षात ठेवा. समोरच्या पत्र्यावरचा खटका फिरवायचा, पायाने बटण दाबायचं, की सुरू. जो बसेल त्याची गाडी.

बसत होती काकू.

धाकट्या काकांनी तिला गाडी शिकवली ती भातकापणी झाल्यावर, रिकाम्या खाचरात. एका खाचरातून दुसऱ्यात जायचं तर मधे बांध. त्यामुळे गाडी बांधावर कशी चढवायची आणि पलीकडे न आपटता कशी उतरवायची हे तिला आधी आलं; सरळ रस्त्याने जाणं नंतर. गावची माणसं बांधावर उकिडवी बसून बघायची. कोणीतरी ओरडायचा, "वैनी, मागं नांगर जोडा, उखळणी तरी हुईल." काका हसायचे. काकू हसायची नाही, कारण तिचं सगळं लक्ष पायांकडे असे. लायसन्सही तिने काकांच्या हयातीतच काढलं.

पुढे काका विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हतं. आमच्या आजीच्या माहेरकडून आलेली डोंगरउताराची वरकस जमीन पोलादपूरच्या पुढे, उमरठच्याही वर डोंगरात होती. तिथली नाचणी-वरी काकाच बघायचे. मोठे काका नाते गावातच आमची भाताची गिरणी चालवत, माझे वडील मुंबईला नोकरीत. काका गेले त्याच उन्हाळ्यात राब भाजायची, पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायची वेळ आली. वर जाणार कोण, हा प्रश्न घरात दोन दिवस जेवताना चघळला गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे जीपचा आवाज आला आणि प्रश्न संपला.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा, कामाच्या दिवसांत त्याहून जास्त, काकू जीप घेऊन जायची. नाते, महाड, पोलादपूर, उमरठ, आणि पुढे बैलगाडीच्या वाटेने डोंगरातले ओढे, पऱ्ये ओलांडत वर. जाताना बियाणं, कोयते, मीठ. येताना नाचणीची पोती आणि पोत्यांवर बसलेली माणसं: ताप भरलेलं मूल, दिवस भरत आलेली सून, मुंबईची गाडी पकडायला निघालेला गिरणी कामगार आणि त्याची वळकटी. महाडच्या बाजारात पहिल्या वर्षी लोक तिला बघायला थांबत. दुसऱ्या वर्षी हात दाखवून तिची गाडी थांबवत.

मग दोन्ही गाड्या एकदम म्हाताऱ्या झाल्या. टायर मिळेनात. एकीचा सुटा भाग आणायला मुंबईला माणूस पाठवावा, तो परत येईतो दुसरी बसलेली. महाडच्या मिस्त्रीने साफ सांगितलं की एक ठेवा, नाहीतर दोन्ही दारात गंजतील. तो खोटं बोलत नव्हता. एक विकायलाच हवी होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

उन्हाळ्याच्या रजेत वडील एस.टी.ने आले. मीही पुण्याहून आले होते. ओटीवर बैठक बसली. मोठ्या काकांचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे देते, कारण ते वाईट माणूस नाहीत. नाते आणि आसपासच्या वाड्यांत रीत अशी की नवरदेव कोणाच्याही घरचा असो, लग्नाला निघताना आमच्या काळ्या मोटारीतून देवळात पाया पडायला जायचा. आम्ही काही घ्यायचं नाही. नवरीकडची माणसं मोटारीच्या नाकाला आंब्याच्या डहाळीचा टाळा आणि गोंडा बांधत, तेवढाच मान. काका म्हणाले, काळी गेली तर घराचं दार गावाला बंद झाल्यासारखं होईल. ही रीत चांगली आहे. मी आजही तिच्या विरुद्ध एक अक्षर लिहिणार नाही.

वडिलांचं म्हणणं याहून सोपं होतं. जीपला गिऱ्हाईक आहे, काळीला नाही. पोलादपूरचा एक कोळशाचा व्यापारी शिमग्यापासून जीप मागत होता. डोंगरातून कोळशाची पोती उतरवायला त्याला तसलीच गाडी हवी होती. म्हणजे बघा, जीप डोंगरात कामाची आहे हे पोलादपूरच्या परक्या माणसाला कळत होतं.

मी विचारलं, जीप गेली तर उमरठच्या वर कोण जाणार, आणि कशाने? वडील म्हणाले, "सभेत बोलतेस तसं घरात बोलू नकोस." काका म्हणाले की बघू, एखादा माणूस ठेवू. जो माणूस होता तो आत तांदूळ निवडत होता.

काकूला कोणी विचारलं नाही. यात काही कट नव्हता, आणि राग येतो तो त्याचाच. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. निरोप तिसऱ्यातर्फे जातो. वस्तूसुद्धा हातात देत नाहीत. खाली ठेवायची, तिने उचलायची. ही चांगल्या घरची चाल समजली जाते. पण मग जिच्याशी बोलायचंच नाही तिचं मत घेणार कसं? इतकी वर्षं त्या दोघांनी मिळून शेती चालवली आणि एकमेकांशी चार वाक्यं बोलली नाहीत. मी आत जाऊन तिला म्हटलं, तू बाहेर येऊन सांग. तिने सुपातला खडा उचलून टाकला.

"इचारलं तर सांगंन," ती म्हणाली.

दोन दिवस काका अस्वस्थ होते. धाकट्या भावाची गाडी विकायची हे त्यांनाही डाचत असणार. शेवटी ते म्हणाले, कौल लावू. आमच्या भागात ज्या गोष्टीत माणसाला धीर होत नाही ती देवावर सोपवतात. बैल घ्यावा का, विहीर इथे खणावी का, स्थळ पसंत करावं का. गुरव देवीच्या पाषाणाला डाव्या आणि उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतात आणि थांबतात. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

मी देवळात गेले. काकूही आली. आम्ही खांबामागे, बायकांच्या बाजूला. गावची दहा-बारा माणसं जमली होती. गाडी विकायचा कौल कोणी बघितला नव्हता. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि काकांना बजावलं, "परश्न येकच इचारा. दोन इचारलं का देवीचा घोटाळा हुतो."

काकांनी हात जोडले आणि विचारलं, "काळी मोटार घरात राहावी अशी देवीची इच्छा आहे का?"

बराच वेळ काही हललं नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "शेठाणी हाय, हितं पण ढकलावी लागल." दबकं हसू झालं. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. काकांनी डोळे मिटले. वडिलांनी घड्याळ पाहिलं.

मी खांबामागून म्हणाले, "देवीने काळी ठेवा सांगितलं. जीप विका कुठे सांगितलं?"

काका मागे न वळता म्हणाले, "एक राहिली म्हणजे दुसरी जाणार. एवढं लहान मुलाला पण कळतं."

"मग जीपचा वेगळा कौल लावा."

गुरवाने मान हलवली. "येका कामाचा दोनदा कौल नाय लागत, बाय. देवीला खोटं पाडल्यासारखं हुतं."

आणि नारळ फुटला.

मी देवीला दोष देत नाही. गुरवालाही नाही, तो त्याच्या नियमाने वागला. देवीने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. पण प्रश्न घरूनच कापून, शिवून, घडी घालून आणलेला होता. काळी ठेवू का, असं विचारलं. धाकटीने डोंगरात जावं का, असं विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर तीच उजवी पाकळी पडली नसती कशावरून? जीपचं नावसुद्धा त्या देवळात माझ्याशिवाय कोणी काढलं नाही, आणि जीप विकली गेली. याला न्याय म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी म्हणणार नाही.

चार-पाच दिवसांनी तो कोळशाचा व्यापारी आपला ड्रायव्हर घेऊन आला. ड्रायव्हर सवयीने उजव्या अंगाला चढून बसला आणि पुढे हात केला तर चाक नाही. अंगणात जमलेल्या माणसांना दिवसभराची करमणूक मिळाली. तो उतरून डाव्या अंगाला गेला आणि चावी मागू लागला. चावी नाय, खटका हाय, असं चौघांनी एकदम सांगितलं. त्याने खटका फिरवला, बटण दाबलं, दाबलं, दाबतच राहिला. पेट्रोलचा वास सुटला आणि इंजिन गप्प झालं.

काकांनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "धाकटीला सांग, गाडी सुरू करून दे म्हणावं."

काकू भाकऱ्या टाकत होती. हात धुऊन आली. जीपची बैठक तिला बुटकी पडे, म्हणून ती एक गोधडी घडी करून खाली घेत असे. ती गोधडी तिने बरोबर आणली होती. बसली. घटकाभर काहीच केलं नाही, इंजिनाला श्वास घेऊ दिला. मग खटका, मग बटण, आणि गाडी चालू. ड्रायव्हर जागा घ्यायला पुढे झाला. सगळे ती उतरायची वाट बघत होते.

तिने पदर कमरेला खोचला. काकांकडे बघितलं. माझ्या देखत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट बोलली.

"भावोजी, मी पोचती करून येते."

  भावजयीला समोरून उत्तर द्यायची वेळ काकांवर कधी आलीच नव्हती. तेवढ्यात जीप हलली. व्यापारी धावत जाऊन तिच्या शेजारी बसला, ड्रायव्हर मागे चढला.

पुढचं त्या व्यापाऱ्याने नंतर आमच्या घरी येऊन सांगितलं. महाडला बाहेरच्या रस्त्याने जाता येत असतानाही तिने गाडी भर बाजारातून नेली. सावकाश. ओळखीच्या दुकानदारांनी हात केला तर तिने मान हलवली. पोलादपूरला पोचल्यावर तिने ड्रायव्हरला चाकावर बसवलं आणि शिकवलं: गार असताना काय करायचं, गरम असताना काय करायचं नाही, पऱ्यात उतरताना कोणता गिअर, आणि पाण्यात गाडी असताना पाय अजिबात उचलायचा नाही. दुपारपर्यंत त्या माणसाला डाव्या हाताचं चाक जमलं. मग गोधडी काखेत मारून ती एस.टी.ने परत आली. संध्याकाळी राहिलेल्या भाकऱ्या तिनेच टाकल्या.

त्यानंतर काळी डोंगरात कधीच गेली नाही. तिला पोलादपूरचा चढही सोसत नाही. काकू पहिले काही आठवडे एस.टी.ने पोलादपूरपर्यंत आणि पुढे पायी गेली. मग घरात कुजबुज सुरू झाली. विधवा बाई, थांब्यावर गाठोडं घेऊन उभी, चार माणसं बघतात. हीच चार माणसं जीपमधून जाताना बघत नव्हती का? पण जीपमधून जात होती तेव्हा ती आमच्या घरची गाडी होती. थांब्यावर उभी राहिली तेव्हा ती एकटी बाई झाली. मोठ्या काकूतर्फे निरोप आला, आणि ते जाणं बंद झालं. जो माणूस ठेवणार होते तो ठेवला. तो पावसाळ्यात वर गेलाच नाही. पेरणी हुकली. पुढच्या वर्षी वरची जमीन दुसऱ्याला खंडाने कसायला दिली. वरच्या वाड्यांतली आजारी माणसं पूर्वीसारखी झोळीतून पोलादपूरला उतरवतात. वरून कोणी नाते गावी आलं की विचारतं, "वैनी हायत का? बऱ्या हायत ना?" जशी काही ती आजारी आहे.

एक वर्ष गेल्यावर तिने माझ्यातर्फे काकांना विचारलं, काळी चालवू का? निदान महाडपर्यंत. बियाणं, औषध, गिरणीचा पट्टा, काहीतरी आणायला रोज कोणीतरी जातंच. काका म्हणाले, ती उजव्या चाकाची, तिचा हात डावीकडे बसलेला. मी म्हटलं, तुमच्या देखत एक ड्रायव्हर उलटं शिकला, एका दुपारात, आणि शिकवलं हिनेच. काकांनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "देवीने ठेवायला सांगितलेली गाडी आहे ती. तिच्याशी खेळ नको." म्हणजे कौल लागला तेव्हा तो प्रश्न होता, आता तो कुलूप झाला.

काळीला चावी आहे. ती देवघराच्या दाराच्या चौकटीवर एका खिळ्याला टांगलेली असते. माझे काका आणि वडील टाचा उचलून ती काढतात. बाईला काढायची तर स्टूल आणावं लागतं, आणि स्टूल ओढलं की फरशीवर जो आवाज होतो तो मागच्या पडवीपर्यंत जातो. खिळा तिथे कोणी मुद्दाम ठोकला असं मी म्हणत नाही. आजोबा उंच होते, त्यांनी त्यांच्या हाताला येईल तिथे ठोकला. एवढंच. पण आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली आणि खिळा अजून त्यांच्या उंचीचा आहे.

या खेपेला घरी गेले तेव्हा मी सरळ स्टूल आणलं. पुरुष गिरणीवर होते. काकू दारात आली आणि तिने स्टुलावर हात ठेवला.

"चोरून नको गो बाय."

मी म्हटलं, यात चोरी कसली, तुझंच घर आहे.

"माझा हाय म्हणून तर. हातात नको देऊ देत, आपल्यात देत नाय. पर माझा हात पोचंल अशी ठेवू देत. मग मी घेईन."

मी स्टूल परत ठेवलं. कारण तिचं बरोबर होतं. चावी काढून देणारी पुतणी असली तरी ती मेहरबानीच, आणि मेहरबानी रजा संपली की पुण्याला निघून जाते. तिने मागितलं ते एवढंच होतं की घरातली वस्तू घरातल्या माणसाच्या उंचीवर असावी.

काळी अजून लग्नाला निघते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात. बाकीचे दिवस ती पडवीशेजारच्या छपराखाली उभी असते, आणि काकू तिच्यावरून रोज धूळ झटकते, कारण धूळ झटकायला चावी लागत नाही.

हा मजकूर मोठे काका वाचतील. त्यांच्याशी मी घरी बोलेन. इथे मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण हे वाचताना तुम्ही माझ्या काकांवर रागावला असाल आणि स्वतःला सोडून दिलं असेल. उठा. तुमच्या घरातली चावी कुठे टांगली आहे ते बघा, गाडीची नसेल तर कोठीची, सायकलची, कपाटाची. तिच्याखाली घरातल्या सगळ्यात बुटक्या बाईला उभं करा आणि हात वर करायला सांगा. पोचला नाही तर हातोडा आणा, खिळा उपसा आणि तिच्या हाताखाली ठोका. कौल लावू नका. आज ठोका.